दुपटे आणि देणे

(सुवर्णमहोत्सवी समारंभात महिला विभागाच्या वतीने केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा आपण आताच ऐकला. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, ग्रंथालय, नवागतांसाठी केलेली राहण्या-जेवण्याची सोय, या मोठ्या कार्यांच्या पंक्तीत आमच्या एका लहानशा कामालाही पाट मांडला गेला, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. आमचे काम एका वाक्यात सांगता येते. दर शनिवारी दुपारी आम्ही दहा-बारा जणी ग्रंथालयाच्या खोलीत बसतो, जुन्या सुती लुगड्यांची तान्ह्या बाळांसाठी दुपटी शिवतो आणि ती कोलकात्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात नेऊन देतो. एका वाक्यात मावणारे हे काम नीट करावयास शिकण्यासाठी मात्र आम्हाला बारा वर्षे लागली. आणि जे शिकलो ते बहुतांशी आमच्या चुकांमधून. आज यशाचा पाढा न वाचता त्या चुकाच आपल्यापुढे ठेवाव्यात, असे आम्ही सर्वजणींनी मिळून ठरविले आहे.

आरंभ झाला तो बाळंतविड्यापासून. आपल्याकडे लेकीच्या किंवा सुनेच्या बाळासाठी बाळंतविडा करण्याची रीत आहे. झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि त्यांच्याबरोबर चार-सहा दुपटी. मंडळातील एका सुनेचे बाळंतपण कोलकात्यातच झाले. माहेर दूर असल्यामुळे बाळंतविडा आम्ही सगळ्यांनी मिळून केला. तो पाहून कोणीतरी म्हणाले, की या शहरात दररोज जन्मणाऱ्या किती बाळांना दुपटे तर राहोच, पण धड कोरडे फडकेही मिळत नसेल! विचार मनाला भिडला. हौस होती, हात शिवणाला सरावलेले होते, वेळही होता. दोन महिन्यांत आम्ही एकतीस दुपटी तयार केली. नव्या रंगीत कापडाची, आत पिंजलेला कापूस भरलेली, कडेला लेस आणि मधोमध टिकल्यांचा मोर असलेली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मंडळाचे नाव रेशमी दोऱ्याने भरले होते. ती टोपल्यांत रचून, हळदीकुंकवाला निघावे तशा नटूनथटून आम्ही रुग्णालयात गेलो.

कक्षाच्या मुख्य परिचारिकेने आमचे स्वागत हसतमुखाने केले, एक दुपटे हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि खाली ठेवले. त्या म्हणाल्या, "माशीमा, हे फार सुंदर आहे. भिंतीवर लावण्यासारखे आहे. पण बाळाच्या अंगावर मला हे घालता येणार नाही."

आम्हाला ते शब्द फार लागले. पुढचा अर्धा तास त्या बाईंनी आपले काम बाजूला ठेवून आम्हाला जे समजावून सांगितले, तो आमचा पहिला धडा होय. टिकली निघाली की ती बाळाच्या तोंडात जाते. लांब टाक्यात किंवा सुट्या दोऱ्यात बाळाचे इवलेसे बोट अडकते, दोरा आवळत जातो आणि बोटाचे रक्त थांबते. कापूस भरलेले दुपटे उकळत्या पाण्यातून काढता येत नाही आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस वाळत नाही. जाड, मऊ पांघरूण तोंडावर सरकले तर तान्ह्या बाळाला ते दूर करण्याचे बळ नसते. गडद रंगावर ओकारीचा वा रक्ताचा डाग चटकन दिसत नाही. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला खरखरते. "तुमच्या घरी जुनी सुती साडी नाही का?" असे शेवटी त्यांनी विचारले.

जुनी सुती साडी! बंधुभगिनींनो, आमच्यापैकी प्रत्येकीच्या मुलाचे पहिले वस्त्र आजीच्या विटक्या लुगड्याचा तुकडा हेच होते. किती तरी घरांत बाळ जन्मण्याआधी नवे कापड आणीतही नसत. घरच्या बाळासाठी जे आपण न सांगता जाणत होतो, ते परक्याच्या बाळासाठी शिवावयास बसताच विसरलो. कारण उघड आहे. घरी आपण बाळाकडे पाहत होतो. येथे आपण आपल्या कलेकडे आणि मंडळाच्या नावाकडे पाहत होतो.

त्यानंतर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवजात बालकाला मोठ्या माणसासारखे कुडकुडून अंग तापविता येत नाही. ओले अंग घेऊन ते जन्मते आणि पहिल्या काही मिनिटांतच त्याची ऊब निघून जाऊ लागते. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला हा धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली या विषयावर जी मार्गदर्शिका काढली, तीत बाळाची ऊब टिकविण्याच्या उपायांची दहा कड्यांची एक साखळीच सांगितली आहे. बाळाला तत्काळ कोरडे करावे, आईच्या उघड्या अंगाशी धरावे, लवकर अंगावर पाजावे, न्हाऊ घालण्याची घाई करू नये, अशा त्या साध्या गोष्टी आहेत. १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोता शहरात डॉ. एडगर रे यांनी, काचेच्या ऊबपेट्या पुरेनात म्हणून, अशक्त बाळांना आईच्या छातीशी उभे बांधून ठेवण्याचा उपाय सुरू केला. आज तो जगभर चालतो. आमच्या त्या कक्षातही चालतो. बाळ आईच्या उराशी, डोक्याला टोपडे, आणि पाठीवरून पांघरलेले एक हलके, कोरडे, स्वच्छ वस्त्र. आमच्या दुपट्याची खरी जागा ही. ऊब आईची, दुपटे ती ऊब बाहेर जाऊ न देण्यापुरते. अतिदक्षता कक्षात तर बाहेरचे कापड चालतच नाही. तेथल्या बाळांना आमचे दुपटे घरी जाण्याच्या दिवशी मिळते. हे कळल्यावर आमच्या कामाचा आकार आमच्याच नजरेत योग्य तेवढा लहान झाला.

आता थोडे शिवणाविषयी. नऊवारी लुगडे म्हणजे छत्तीस इंच लांबीचे नऊ तुकडे. तीन पदरी दुपटे धरले तर हिशोबाने एका लुगड्यात तीन दुपटी बसावीत. प्रत्यक्षात बसण्याच्या जागी विरलेला भाग, ठिगळे आणि जरीचे काठ-पदर काढून टाकले की दोनच निघतात. कापड प्रथम उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावयाचे. मग तीन पदर एकावर एक अंथरून, सुरकुत्या काढून, कच्च्या टाक्यांनी जखडावयाचे. कडा आत दुमडून तुरपावयाच्या आणि मग बारीक धावदोऱ्याने कडेपासून आत-आत येत मध्यापर्यंत पोहोचावयाचे. गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवावयाची. वैशाखासाठी दोन पदर, पौषासाठी चार. कापूस मुळीच नाही.

या कामात आम्हाला गुरू मिळाल्या त्या बंगाली शेजारणी. आपण ज्याला गोधडी किंवा वाकळ म्हणतो, ती येथे ‘कांथा’. संस्कृतातील ‘कन्था’ शब्दाचे हे रूप. जुन्या धोतरांचे आणि साड्यांचे पदर एकावर एक ठेवून, साडीच्याच काठातून उसवून काढलेल्या रंगीत दोऱ्याने ते शिवावयाचे, ही येथील जुनी पद्धत. बिहारात तिचीच बहीण ‘सुजनी’ होय आणि तीही मुळात नवजात बाळासाठीच शिवत. कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात व तिच्या चारही कोपऱ्यांना ‘फुला’ लावल्यावाचून तिला पुरी मानीत नाहीत. आपल्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत, हे तर आपण जाणताच. अवघ्या देशात चिंध्या जोडून ऊब करण्याची ही एकच विद्या नांदते आहे. आमच्या शेजारणींनी आपापल्या घरची जुनी तांताची धोतरे आणि साड्या आणून दिल्या. आता आमच्या दुपट्याचा एक पदर इरकली असतो, तर दुसरा शांतिपुरी.

काम सुरळीत चालू लागले आणि तिसऱ्या वर्षी माघ महिन्यात दुसरा धडा मिळाला. तो पहिल्याहून कठीण होता.

सुंदरबनाकडची एक अगदी तरुण आई होती. पहिलेच बाळ, वजन कमी. आमच्यातील एका ज्येष्ठ भगिनीने तिच्या हातात दुपटे दिले. तिने ते गालाला लावून पाहिले, तिला आवडले हे दिसत होते. मग तिने हळूच विचारले, "माशीमा, ही साडी जिची, ती आहे ना?"

ते लुगडे आमच्या भगिनीच्या आईचे होते आणि आई जाऊन दोन वर्षे झाली होती. खोटे बोलणे सोपे होते. त्या बोलल्या नाहीत. "माझ्या आईची होती. ती आता नाही," असे त्यांनी सांगितले. त्या मुलीने दुपटे दोन्ही हातांनी कपाळाला लावले, नमस्कार केला आणि परत दिले.

परतीच्या वाटेवर ट्राममध्ये आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग कोणी म्हणाले, हा अडाणीपणा आहे. उकळून घेतलेल्या कापडाला कसला विटाळ? कोणी म्हणाले, "धर्माची गाय आणि दात का गं नाही, अशातली ही गत." पुढच्या शनिवारी शिवण बाजूलाच राहिले, दोन तास वाद झाला. एक पक्ष म्हणे, विचारलेच तर ‘ठाऊक नाही’ एवढे सांगावे. दुसरा म्हणे, जुने देणेच बंद करावे. जुने म्हणजे आपल्या घरची अडगळ, ती गरिबाच्या गळ्यात का बांधावी?

अखेर ज्यांचे दुपटे परत आले होते त्याच बोलल्या. त्या म्हणाल्या, "माझी मुलगी झाली तेव्हा शेजारच्या बाईने प्रेमाने एक जुने कापड आणून दिले होते. आईने ते हसून घेतले आणि ती गेल्यावर माळ्यावर टाकले. म्हणाली, कोणाचे, कसले, आपल्याला काय ठाऊक! त्या वेळी मला आईचे काही चुकले असे वाटले नाही. माझ्या आईचे लुगडे मला आशीर्वाद आहे, कारण मी आईला ओळखते. त्या मुलीने तिला कुठे पाहिले होते?"

यावर वाद संपला. जुने कापड घरात माया असते आणि उंबऱ्याबाहेर पडताच भिक्षा होते. कापड तेच असते, बदलते ते नाते. नाते नसताना केवळ कापड दिले तर समोरच्याला ते घ्यावे लागते, किंवा संकोचाने नाकारावे लागते. आणि ज्याला नाकारता येत नाही, त्याला आपण दिले असे म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही काही नियम केले, ते आजतागायत पाळीत आहोत. कापड हयात स्त्रीचे, तिने स्वतः नेसलेले आणि स्वतः आणून दिलेले असावे. दिवंगत व्यक्तींची लुगडी आम्ही घेतो, परंतु त्यांची दुपटी त्याच घरच्या नातवंडांसाठी शिवून परत करतो. रुग्णालयात दुपटी कोणाच्या हातात द्यावयाची नाहीत. एका मेजावर रचून ठेवावयाची. त्यांत काही, तीन वेळा धुऊन खळ काढलेल्या नव्या मलमलीची असतात. आईने किंवा तिच्या घरच्यांनी हवे ते उचलावे, नको असल्यास काहीच उचलू नये. जुनी अधिक जातात की नवी, हे मोजण्याचे आम्ही मुद्दाम टाळले आहे. विचारले तर खरे सांगावयाचे. मंडळाचे नाव दुपट्यावर घालावयाचे नाही.

आणखी एक नियम आहे, तो छायाचित्रांचा. पहिल्या वर्षी आम्ही दुपटी वाटतानाची छायाचित्रे काढविली होती. पुढे ती पाहत असता लक्षात आले, की त्यांतील जवळजवळ प्रत्येक आईने पदर पुढे ओढून तोंड झाकले आहे. हसत होतो त्या आम्ही. या स्मरणिकेत प्रत्येक विभागाच्या कार्याचे छायाचित्र आहे आणि आमच्या पानावर ते नाही, याचे कारण संपादक मंडळींनी विचारले होते. कारण हे आहे.

आता एक हलकी आठवण सांगतो, जरी ती सर्वस्वी हलकी नाही. एकदा कक्षातील एका नव्वदीच्या पणजीबाईंनी आम्हाला विचारले, तुम्ही कोण, कुठल्या? ‘मराठी’ म्हणताच त्या बोळक्या तोंडाने खळखळून हसल्या आणि पणतीला म्हणाल्या, "अगं, बर्गी आले गं, बर्गी!" आपल्यापैकी जे येथे जन्मले त्यांना हे ठाऊक आहे. बंगालमध्ये बाळाला झोपविताना जी अंगाई घराघरांतून म्हणतात, तीत बर्गींचे भय घातले आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. १७५१ च्या तहाने ओरिसा व बारा लाखांची चौथ मिळाली तेव्हा त्या थांबल्या. कोलकात्याच्या लोकांनी त्या भयाने शहराभोवती खंदक खणावयास घेतला, तो ‘मराठा डिच’. तो कधी पुरा झाला नाही. पुढे बुजला आणि त्याच्या मार्गावरून सर्क्युलर रोड गेला. आपण शाळेत अटकेपारचे झेंडे शिकलो. येथल्या बाळांनी त्याच घोड्यांच्या टापा पाळण्यात ऐकल्या. इतिहासाची भरपाई दुपट्यांनी होते, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. परंतु त्या पणजीबाईंनी मेजावरचे चार पदरी दुपटे स्वतः निवडले, त्यात पणतीच्या बाळाला गुंडाळले आणि "बर्गींची कांथा ऊबदार आहे हो!" असा शेरा दिला, तेव्हा आम्हाला आमच्या कोणत्याही सत्कारापेक्षा अधिक बरे वाटले.

हे काम जगात इतरत्रही चालते. आमच्यातील काहींच्या लेकी-सुना अमेरिकेत आहेत. तेथे १९९५ साली कॅरन लाउक्स या बाईंनी ‘प्रोजेक्ट लायनस’ नावाचा उपक्रम सुरू केला, आणि आजारी व संकटातील मुलांसाठी गोधड्या व पांघरुणे करून देणारे हजारो हात त्यात लागले. तेथील डॉक्टर बाळाला उताणे निजवावे आणि पाळण्यात सैल, मऊ पांघरूण ठेवू नये असे आग्रहाने सांगतात. म्हणून तेथे तान्ह्याची गोधडी मांडीवर आणि जमिनीवर अंथरण्यासाठी वापरावी असा सल्ला असतो. आम्हीही आता दुपट्यांच्या मेजावर एक बंगाली कागद लावला आहे: बाळ झोपल्यावर तोंडावर दुपटे येऊ देऊ नये, उन्हाळ्यात गुंडाळून ठेवू नये.

एक गोष्ट राहिली. गेल्या हिवाळ्यात एक दुपटे आमच्याकडे परत आले. एका आजीबाईंनी ते स्वच्छ धुऊन, घडी घालून परिचारिकेच्या हाती दिले होते. बाळ अकरा दिवसांचे होऊन गेले. "दुसऱ्या कोणाला तरी होईल," एवढाच निरोप होता. आमच्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्या बाळाला देता येत नाही. ज्या घराने दुःखात असतानाही दुसऱ्याच्या बाळाचा विचार केला, त्या घराचा निरोप मोडण्याचेही मन होत नाही. यावर आम्ही तीन वेळा बोललो आणि तिन्ही वेळा निर्णय न करता उठलो. ते दुपटे ग्रंथालयातील कपाटाच्या वरच्या खणात आहे. बारा वर्षांत आम्ही पुष्कळांना दिले. आम्हाला मिळालेले असे ते एकच आहे.

आता मागणे. सुती लुगडे आज दुर्मीळ होत चालले आहे. आमच्या सुना-नाती कृत्रिम धाग्याच्या साड्या नेसतात. ते कापड ओल शोषीत नाही, बाळासाठी निरुपयोगी आहे. म्हणून आपल्या घरातील आई-आजींपाशी जे सुती नऊवारी असेल, वडीलमाणसांचे धोतर असेल, ते विरून चिंध्या होण्याआधी त्यांनी स्वतः आमच्याकडे घेऊन यावे. पुरुष मंडळींनीही संकोच करू नये; धोतरासारखे मऊ कापड नाही, आणि सुईत दोरा ओवून देण्याचे काम त्यांना नक्की जमेल. आणि तरुण मुलींनी शनिवारच्या दोन तासांतील अर्धा तास तरी द्यावा. आमचे डोळे आता अधू झाले आहेत. बारीक टाका घालणारा कोवळा हात हवा आहे.

देणे या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक दान, दुसरा कर्ज. पोटासाठी या शहरात आलेल्या आपल्या वाडवडिलांना येथल्या लोकांनी घर दिले, शेजार दिला, बाळंतपणात धावून येणाऱ्या माशीमा दिल्या. ते सारे कोणत्या वहीत लिहिलेले नाही. आमची दुपटी त्या दुसऱ्या अर्थाच्या खात्यावर जमा करावीत, अशी विनंती आहे.